चित्रकार मोने यांची फुलबाग

दारापुढे तुळशीवृंदावन, त्याच्या पायथ्याशी अबोलीचा वाफा, कुंपणाला जास्वंदीची झुडपे आणि परसात विहिरीच्या ओलाव्यावर वाढलेली गुलबक्षी, हे दृश्य आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. सकाळी देवपूजेसाठी फुले खुडावीत, सायंकाळी अबोलीची फाती गुंफावी, चवथीला गणपतीपुढे रंगीबेरंगी फुलांची आरास करावी, यापलीकडे त्या फुलांचा विचार आपण सहसा करीत नाही. ती दारातच असतात. आणि जे दारात असते त्याच्याकडे पाहावयाचे राहूनच जाते. दूर फ्रान्स देशात एका चित्रकाराने मात्र आपल्या घराच्या बागेकडे ४३ वर्षे पाहिले, स्वतःच्या हाताने ती रुजविली, आणि जीवनाच्या उत्तरार्धातील आपली श्रेष्ठ कृती त्या अंगणातच निर्माण केली. क्लोद मोने हे त्यांचे नाव. त्यांचे चरित्र यंदाच्या अंकातून विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे. चित्रकला ज्यांना येत नाही त्यांनीही ते वाचावे, कारण ते जितके रंगांचे आहे तितकेच मातीचे आणि चिकाटीचे आहे.

मोने यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिस येथे झाला. ते सुमारे पाच वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब ल हाव्र या बंदराच्या गावी राहावयास गेले. तेथे त्यांच्या वडिलांचा किराणा मालाचा घाऊक व्यापार होता. शाळेत या मुलाचे लक्ष लागत नसे. वह्यांच्या समासांत तो शिक्षकांची व्यंगचित्रे काढी, आणि ती इतकी हुबेहूब साधत की पुढे गावातील लोक पैसे देऊन त्याच्याकडून आपली व्यंगचित्रे काढवून घेऊ लागले. ज्या दुकानाच्या खिडकीत ती मांडली जात, तेथेच युजेन बूदँ नावाच्या एका साध्या, निगर्वी चित्रकाराची चित्रेही असत. बूदँ यांनी या मुलाला हाताशी धरले आणि समुद्रकाठी उघड्या आकाशाखाली नेऊन बसविले. आकाश क्षणोक्षणी कसे पालटते, पाण्यावर त्याचा रंग कसा उतरतो, हे चित्र चार भिंतींच्या आत नव्हे, तर जागेवर बसूनच काढले पाहिजे, ही दीक्षा मोने यांना त्यांच्याकडून मिळाली. या ऋणाचा त्यांना जन्मभर विसर पडला नाही.

१८५७ मध्ये आई वारली. तेव्हा मोने १६ वर्षांचे होते. पुढे त्यांच्या आत्याने त्यांच्या शिक्षणाची बरीचशी काळजी वाहिली. १८६१ मध्ये सैन्यभरतीच्या चिठ्ठीत त्यांचे नाव निघाले आणि त्यांना अल्जीरियात जावे लागले. तेथे विषमज्वराने ते आजारी पडले आणि परत आले. तेव्हा आत्यानेच पैसे भरून त्यांची सैन्यातून सुटका केली. आफ्रिकेतील तो प्रखर प्रकाश आणि ते झळझळीत रंग यांनी आपल्या पुढील कामाचे बीज पेरले, असे ते उतारवयात सांगत असत. त्यानंतर पॅरिसमधील एका चित्रशाळेत रेन्वार, सिसली आणि बाझीय हे समवयस्क मित्र त्यांना लाभले.

फुलबागेत बसून चित्र काढण्याचा त्यांचा पहिला मोठा प्रयत्न १८६६ मधला. बागेत फुले वेचणाऱ्या स्त्रियांचे एक चित्र त्यांनी आरंभिले. कापड अडीच मीटरांहून उंच होते. ते सबंध उघड्यावरच रंगवावयाचे, हा त्यांचा हट्ट. पण वरच्या भागापर्यंत हात कसा पोचावा? त्यांनी बागेत चर खणविला आणि कप्पीच्या साहाय्याने चित्र त्यात खाली सोडण्याची व्यवस्था केली. वरचा भाग रंगवावयाचा झाला की चित्रच खाली उतरे! इतक्या सायासाने सिद्ध झालेले हे चित्र १८६७ च्या सरकारी प्रदर्शनाने मात्र नाकारले. मोने यांच्याजवळ तेव्हा पैसा नव्हता. मित्र बाझीय याने ते चित्र २,५०० फ्रँकांना विकत घेतले आणि दरमहा ५० फ्रँकांच्या हप्त्यांनी ती रक्कम फेडण्याचे पत्करले. पुढे १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्या युद्धात हा उदार मित्र रणांगणावर मारला गेला.

त्याच वर्षी मोने यांनी कामीय या तरुणीशी विवाह केला होता. त्यांच्या कितीतरी चित्रांत आपल्याला दिसते ती हीच. युद्धाच्या धामधुमीत हे कुटुंब लंडनला गेले, आणि १८७१ च्या अखेरीस परतून सीन नदीकाठच्या आर्जांतोय गावी एक घर भाड्याने घेऊन राहिले. घर भाड्याचे, उद्याचा भरवसा नाही, दुकानदारांची देणी थकलेली, अशा स्थितीतही मोने यांनी घराभोवती फुलझाडे लावली. पांढऱ्या मातीवर निळी नक्षी असलेल्या काही मोठ्या कुंड्या त्यांच्यापाशी होत्या. त्या आर्जांतोयच्या चित्रांत दिसतात, आणि पुढे घर बदलले तरी दुसऱ्या गावच्या चित्रांतही दिसतात. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या या माणसाने भांडीकुंडी मागे ठेवली असतील, पण कुंड्या मागे ठेवल्या नाहीत! आम्हाला हा तपशील फार बोलका वाटतो. स्वतःची जमीन झाल्यावर बाग करू, असे म्हणणाऱ्यांची बाग बहुधा होतच नाही.

१८७४ मध्ये मोने आणि त्यांच्या मित्रांनी सरकारी प्रदर्शनाला शरण न जाता पॅरिसमध्ये आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. ल हाव्र बंदरावरील धुक्यातील सूर्योदयाचे मोने यांचे एक चित्र त्यात होते. त्या चित्राच्या नावातील एक शब्द उचलून एका टीकाकाराने या सर्व मंडळींना उपहासाने एक नाव चिकटविले, आणि तेच पुढे त्यांचे भूषण झाले. मराठीत या पंथाला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. वस्तू कशी आहे असे आपण समजतो ते न रेखाटता, त्या विशिष्ट क्षणी, त्या प्रकाशात ती डोळ्यांना कशी दिसते ते रंगवावे, हे त्याचे सार होय. सावली म्हणजे काळा रंग नव्हे; तीत निळा आणि जांभळाही असतो, ही गोष्ट या मंडळींनी जगाला दाखवून दिली. परंतु त्या काळी लोक हसले, आणि चित्रे फारशी विकली गेली नाहीत.

१८७८ मध्ये हे कुटुंब व्हेतय या लहानशा गावी गेले. मोने यांची चित्रे विकत घेणारे ओशदे नावाचे एक धनिक व्यापारी दिवाळखोर झाले होते. ते, त्यांची पत्नी आलिस आणि त्यांची सहा मुले मोने यांच्याच बिऱ्हाडी राहू लागली. मोने यांना दोन मुलगे होते, झाँ आणि तान्हा मिशेल. एवढा मोठा संसार, मिळकत जेमतेम, आणि कामीय अंथरुणाला खिळलेली! आलिस तिची शुश्रूषा करीत असे. ५ सप्टेंबर १८७९ रोजी कामीयने देह ठेवला. तिचे वय अवघे ३२ वर्षांचे होते. तिच्या गळ्यातील एक पदक सावकाराकडे गहाण पडले होते. ते सोडवून आणावे, म्हणजे अखेरच्या प्रवासात ते तिच्या गळ्यात घालता येईल, अशी विनंती मोने यांना एका मित्राला करावी लागली.

तिच्या मृत्युशय्येपाशी बसून त्यांनी तिचे शेवटचे चित्र काढले. त्या वेळी आपण काय करीत होतो, हे त्यांनी पुष्कळ वर्षांनी आपले स्नेही क्लेमांसो यांना सांगितले. प्रिय पत्नीच्या निश्चल मुखावर मृत्यूने आणलेल्या निळ्या, पिवळ्या, करड्या छटा आपले डोळे नकळत टिपीत आहेत, हे ध्यानात येताच त्यांना स्वतःचेच भय वाटले होते. ही हकीकत वाचून आम्ही पुष्कळ वेळ थबकलो. पाहण्याची सवय ज्याच्या हाडीमांसी खिळली आहे, त्याला दुःखातही डोळे मिटून घेता येत नाहीत. हा कलावंताचा गुण म्हणावा की शाप, याचा निर्णय प्रत्येक वाचकाने आपापल्या मनाशी करावा.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८८१ मध्ये, त्याच व्हेतय येथील बागेचे एक चित्र त्यांनी काढले आहे. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची सूर्यफुले दाटून उभी आहेत, मधून एक वाट घराकडे चढत गेली आहे, निळ्या नक्षीच्या त्याच कुंड्या कडेला मांडल्या आहेत, आणि वाटेवर एक लहान मूल उभे आहे. चित्रात शोकाचे चिन्ह कोठेही नाही. पण ज्याला मागील हकीकत ठाऊक आहे, त्याला त्या उन्हात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहून गलबलून आल्यावाचून राहात नाही.

एप्रिल १८८३ च्या अखेरीस, वयाच्या ४२ व्या वर्षी, मोने झिव्हेर्नी या खेड्यात आले. तेथेही घर भाड्याचेच होते. लांबट, गुलाबी भिंतींचे घर, पुढे सुमारे एक हेक्टर जमीन, तीत सफरचंदाची झाडे, आणि फाटकापासून घरापर्यंत सुचिपर्णी वृक्षांनी झाकोळलेली एक रुंद वाट. सामान लागते न लागते तोच त्यांना ज्येष्ठ चित्रकार माने यांच्या अंत्ययात्रेसाठी पॅरिसला जावे लागले. परत येताच त्यांनी कुदळ हाती घेतली. पावसाच्या दिवसांत बाहेर जाता आले नाही तरी चित्र काढावयाला घरात फुले हवीत, हा त्यांचा पहिला हेतू होता. मोने आणि मुले मिळून वाफे खणीत, निंदणी करीत. सायंकाळी पाणी घालण्याचे काम मुलांकडे असे. यातून ती बाग उभी राहिली. मोने यांनी उद्यानशास्त्राचे शिक्षण कोठेही घेतले नव्हते. बियाण्यांच्या व्यापाऱ्यांच्या सूचिपुस्तिका आणि बागकामाची मासिके ते भक्तिभावाने वाचीत, आणि जे वाचले ते मातीत करून पाहात.

पुढे चित्रांना, विशेषतः अमेरिकेत, मागणी येऊ लागली आणि दारिद्र्य सरले. नोव्हेंबर १८९० मध्ये त्यांनी ते घर २२,००० फ्रँकांना विकत घेतले. १८९२ मध्ये आलिसशी त्यांचा विवाह झाला. तिचे पती त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. आता बागेला वाहून घेण्यास काही अडसर राहिला नाही. वाटेवरचे वृक्ष तोडावेत असे मोने यांना वाटे. आलिसला त्यांची सावली प्रिय होती. घरात या प्रश्नावर बराच वाद झाला. अखेरीस बहुतेक वृक्ष गेले, पण घराजवळचे दोन वृक्ष राहिले, आणि वाटेवर लोखंडी कमानी उभारून त्यांवर गुलाबाचे वेल चढविण्यात आले. बागेत काय, नि संसारात काय, दोघांचे थोडे थोडे राहिले म्हणजे शोभा येते.

या बागेची मांडणी कशी होती, हे आपल्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. वाफे सरळ रेषेत आखलेले, पण त्यांतील फुलांना मात्र मोकळीक दिलेली. एका वाफ्यात एकच रंग किंवा एकमेकांना शोभणारे दोन रंग दाट लावावयाचे, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला सुटे फूल न दिसता रंगाचा लोट दिसतो. वसंतात ट्यूलिप, त्यामागोमाग जांभळ्या आयरिसच्या लांबच लांब रांगा, मग पिओनी, पॉपी आणि गुलाब, उन्हाळा सरता सरता डेलिया आणि सूर्यफुले, शेवटी आपल्या परिचयाची शेवंती. एक बहर ओसरतो तोच दुसरा उमलावा, अशी आखणी वर्षभराची असे. मधल्या रुंद वाटेच्या दोन्ही कडांना नॅस्टर्शियमची रोपे लावीत. तीन-चार महिन्यांत ती जमिनीवरून सरपटत वाटेच्या मध्यापर्यंत येत आणि केशरी-पिवळ्या फुलांनी ती वाट जवळजवळ झाकून टाकीत. हे फूल मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आपला झेंडूही मेक्सिकोकडून आणि गुलबक्षीही त्याच खंडातून आलेली आहे. फुलांना परदेश नसतो. माती मानवली की ती तेथलीच होतात.

बागेची चिंता त्यांना परगावीही सोडीत नसे. १८९२ आणि १८९३ मध्ये रुआँ शहरी तेथील भव्य मंदिराची चित्रे काढीत असताना विसाव्याच्या वेळी ते तेथील वनस्पती-उद्यानात जात आणि घरी नेण्यासाठी रोपे मिळवीत. एका प्रवासाच्या वेळी आपल्या माळ्यासाठी त्यांनी लिहून ठेवलेल्या सूचना प्रसिद्ध आहेत. पॉपीच्या सुमारे ३०० आणि स्वीट पीच्या ६० कुंड्या पेराव्यात, डेलियाचे कंद ठराविक तारखांच्या दरम्यान मुळे फुटण्यासाठी ठेवावेत, जपानहून पिओनी येऊन पोचल्या तर त्या तत्काळ लावाव्यात आणि त्यांच्या कळ्यांना थंडी व ऊन या दोहोंपासून जपावे, गुलाबाची छाटणी अमुक बेताने करावी, असा तो सर्व मजकूर. चित्राविषयी लिहिताना जो काटेकोरपणा, तोच छाटणीविषयी लिहिताना! पुढे काम वाढले तेव्हा फेलिक्स ब्रय यांच्या हाताखाली अनेक माळी राबत असत. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासात राहिली नाहीत. मोने यांचे गुणगान करताना त्या मातीने माखलेल्या हातांचे स्मरण ठेवणे, हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

याच काळात चित्रकलेत त्यांनी एक नवा मार्ग काढला. १८९० च्या सुमारास जवळच्या शेतातील धान्याच्या गंजी त्यांनी पुन्हा पुन्हा रंगविल्या. गंज तीच, पण सकाळची निराळी, सायंकाळची निराळी, हिमात निराळी. प्रकाश बदलला की ते हातातील फलक बाजूला ठेवून दुसरा घेत. एकच वस्तू शंभर वेळा पाहिली तर ती शंभर प्रकारची असते, हा साक्षात्कार त्यांना झाला. आणि मग दूरदूर हिंडण्याची गरज हळूहळू उरेनाशी झाली.

१८९३ मध्ये त्यांनी घरापुढील रस्ता आणि आगगाडीचा रूळ यांच्या पलीकडे असलेला जमिनीचा एक तुकडा विकत घेतला. जवळून एक ओढा वाहात होता. त्याचे पाणी वळवून एक तळे करावे आणि त्यात कुमुदिनी वाढवाव्यात, असा त्यांचा संकल्प होता. सरकारकडे अर्ज केला, आणि गावात खळबळ उडाली. त्या प्रवाहावर गावच्या बायका कपडे धूत, गुरे पाणी पीत. हा परका मनुष्य कोठल्या तरी परदेशी वनस्पती आणून आमचे पाणी नासवील, अशी गावकऱ्यांची धास्ती होती. मोने संतापले, हातपाय आपटले. पण मग त्यांनी शांतपणे वरिष्ठ अधिकाऱ्यांना समजावून सांगितले की हे केवळ डोळ्यांच्या सुखासाठी आणि चित्रांच्या विषयासाठी आहे. जुलै १८९३ मध्ये अनुमती मिळाली. त्या गावकऱ्यांना हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे त्याने शंका घ्यावी हे स्वाभाविकच आहे. त्या भांडणाच्या काठावरच जगातील एक सुंदर तळे निर्माण झाले, एवढे मात्र खरे.

कुमुदिनी म्हणजे आमच्या कोकणी बोलीतील साळकां. पावसाळ्यानंतर आपल्या गावच्या तळ्यांत ती आपोआप उगवतात, म्हणून त्यांचे आपल्याला अप्रूप नाही. युरोपात मात्र थंडीत तग धरणारी कुमुदिनी तोपर्यंत केवळ पांढरीच असे. लातूर-मार्लियाक नावाच्या एका फ्रेंच उद्यानतज्ज्ञाने त्या पांढऱ्या जातीचा अमेरिकेतील रंगीत जातींशी संकर करून पिवळ्या, गुलाबी आणि लाल कुमुदिनी निर्माण केल्या आणि १८८९ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्या मांडल्या. मोने यांनी आपल्या तळ्यासाठी याच गृहस्थाकडून रोपे मागविली. तळ्यावर त्यांनी एक कमानदार लाकडी पूल बांधला. जपानी चित्रांचा त्यांना मोठा नाद होता. तशी दोनशेहून अधिक ठसाचित्रे त्यांच्या घराच्या भिंतींवर होती. पूल त्यांच्याच धर्तीचा, पण जपानी पुलांसारखा तांबडा नव्हे, तर हिरवा रंगविलेला. तळ्यासाठी एक स्वतंत्र माळी असे. तो सकाळी होडीतून हिंडून वाळकी पाने काढी आणि पानांवरची धूळ साफ करी, म्हणजे पाणी आरशासारखे राही. रस्त्यावर मोटारी धावू लागल्या आणि धूळ वाढली, तेव्हा मोने यांनी स्वतःच्या खर्चाने त्या रस्त्यावर डांबर घालून घेतले.

आणि मग त्यांनी पाहण्यास आरंभ केला. प्रथम पूल रंगविला, नंतर पूल सोडून दिला, मग काठही सोडला. उरले ते केवळ पाणी, त्यावरील फुले, आणि त्यात उतरलेले आकाश. वर काय आणि खाली काय, हे क्षणभर कळू नये, अशी ती चित्रे आहेत. १९०९ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी अशी ४८ चित्रे मांडली. पण त्यापूर्वीच्या वर्षी, मनासारखी न उतरलेली कित्येक चित्रे त्यांनी स्वतः नष्ट केली होती. जे बाहेर येते त्याच्यामागे न आलेले किती असते, याची कल्पना आपल्याला क्वचितच असते.

यानंतर दुर्दैवाने पाठ धरली. १९१० च्या महापुरात सीन नदीचे पाणी बागेत शिरले. १९११ मध्ये आलिस निवर्तली. १९१२ मध्ये वैद्यांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान केले. १९१४ च्या आरंभी थोरला मुलगा झाँ वारला, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. धाकटा मिशेल युद्धावर गेला. गावातून लोक निघून जात होते. मोने गेले नाहीत. झाँची विधवा पत्नी ब्लांश ही आलिसचीच मुलगी. स्वतः चित्रकर्ती असलेली ही सून त्यांच्यापाशी येऊन राहिली आणि अखेरपर्यंत तिने त्यांना सांभाळले. तिच्या आणि क्लेमांसो यांच्या आग्रहाने, ७४ व्या वर्षी, त्या म्हाताऱ्याने पुन्हा कुंचला उचलला. दोन मीटर उंचीच्या फलकांवर ते तळे रंगवावे, आणि पाहणाऱ्याच्या भोवती ते वर्तुळाकार उभे करावे, अशी भव्य कल्पना त्यांनी मनाशी धरली. त्यासाठी बागेत एक प्रचंड चित्रशाळा बांधली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी, त्या वेळी फ्रान्सचे पंतप्रधान असलेल्या क्लेमांसो यांना पत्र लिहून, विजयाप्रीत्यर्थ आपली चित्रे राष्ट्राला अर्पण करण्याची इच्छा कळविली. त्यातूनच पुढे सर्व चित्रमालिका राष्ट्राला देण्याचे ठरले.

परंतु डोळे निकामी होत चालले होते. मोतीबिंदूमुळे भिंग पिवळे-तपकिरी पडते. निळा रंग डोळ्यांत पोचत नाही. ज्याने जगाला सावलीतील निळा रंग दाखविला त्यालाच आता निळा दिसेना! या काळातील त्यांची पुलाची चित्रे पाहावीत, तर ती लाल आणि तपकिरी ज्वाळांनी पेटल्यासारखी दिसतात. रंगाच्या नळीवरील नाव वाचून आणि रंगफळीवर प्रत्येक रंगाची जागा ठरवून ते काम करीत. शस्त्रक्रियेची त्यांना भीती वाटे. अखेरीस क्लेमांसो यांनी मन वळविले आणि १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आता सर्व काही फाजील निळे दिसू लागले. त्यांची चिडचिड होई, निराशा येई. चित्रे देणेच नको, असेही एकदा मनात आले. मग रंगीत काचांचे चष्मे लावून पाहता पाहता दृष्टी काहीशी स्थिरावली, आणि ते पुन्हा फलकांपुढे उभे राहिले. चित्रे त्यांनी जिवंतपणी हातची सोडली नाहीत. काही ना काही सुधारावयाचे राहिलेच होते.

५ डिसेंबर १९२६ रोजी, ८६ व्या वर्षी, झिव्हेर्नीच्या त्या घरीच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. असे सांगतात की शवपेटीवर काळे वस्त्र घातलेले पाहून क्लेमांसो यांनी ते दूर केले, आणि खिडकीचा फुलाफुलांचा पडदा काढून पेटीवर पांघरला. मोने यांच्यासाठी काळा रंग त्यांना मान्य झाला नाही. १७ मे १९२७ रोजी पॅरिसमधील ओरांजेरी येथे दोन लंबवर्तुळाकार दालनांत ती चित्रे लोकांसाठी खुली झाली. एकूण २२ फलक, लांबी सुमारे ९१ मीटर, आणि वरून येणारा नैसर्गिक प्रकाश. बाहेर ढग आले की दालनातले तळेही सावळे होते.

बागेची कथा येथे संपत नाही. ब्लांशने ती १९४७ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत राखली. पुढे निगा राहिली नाही. तण माजले, काठ ढासळले, काचगृहांची तावदाने फुटली, पूल कुजला. १९६६ मध्ये मिशेलच्या मृत्यूनंतर ही मिळकत फ्रान्सच्या ललितकला अकादमीकडे गेली. १९७७ पासून जुनी छायाचित्रे, बियाण्यांच्या मागण्या आणि वृद्धांच्या आठवणी यांच्या आधाराने तिचा जीर्णोद्धार झाला आणि १९८० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. चित्र एकदा पुरे झाले की भिंतीवर टिकते. बाग मात्र कधीच पुरी होत नाही. हात थांबले की काही वर्षांत ती रान होते.

विद्यार्थी मित्रहो, मोने यांच्यासारखे चित्रकार आपण होऊ की नाही, हा प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवीत नाही. त्यांनी जे केले त्याचा पहिला भाग तरी कोणालाही साध्य आहे. या पावसाळ्यात एका फुटक्या घागरीत का होईना, तेरड्याचे किंवा झेंडूचे चार दाणे पेरा. ते उगवले आणि फुलले, म्हणजे त्याच एका फुलाकडे सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहा, आणि प्रत्येक वेळी त्याचा रंग कोणता दिसला ते वहीत लिहून ठेवा. तिन्ही वेळा तुम्ही एकच शब्द लिहिलात, तर आमचे म्हणणे असे की तुम्ही अजून फुलाकडे पाहिले नाही. पुन्हा पाहा. त्या वृद्ध चित्रकाराने ४३ वर्षे दुसरे काय केले?